फरशीवरची पोर

घुबड भरदिवसा येऊन आमच्या तुळईवर बसलं, आणि नेमकी तेव्हाच आत भावजय मोकळी झाली.

सुईणीने पोरीला पुसलं आणि रिवाजाप्रमाणे माझ्या भावाच्या पायाशी फरशीवर ठेवलं. बापाने उचलली तर घरची, नाहीतर उकिरड्याची. तोवर दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सख्ख्या आत्यानेसुद्धा.

नुमेरियस पोरीकडे बघतच नव्हता. तुळईकडे बघत होता.

"फरशी गार आहे रे," मी म्हटलं.

"अक्का, ते कुणाचं तरी मरण घेऊन आलंय."

"उंदीर न्यायला आलंय. तुझ्या दुकानात तेलापेक्षा उंदीरच जास्त."

हसला नाही. लहानपणापासून असाच. वादळ समुद्रात असायचं आणि हा घरात बुडायचा.

पडद्याआडून भावजयीने, तेर्तुल्लाने, विचारलं, "उचललं का हो?"

पोरीचं रडणं बारीक होत चाललं होतं, ओठ निळसर दिसायला लागले होते.

"बाहेर ठेव तिला," नुमेरियस सुईणीला म्हणाला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

घुबड आल्याचा गलका ऐकून समोरचा होसिडियस दारात आला होता. तोही तेलवाला, दोघांमधून कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता. त्याच्या घरी पाळणा कधी हलला नाही. दारात जमलेली गल्ली सगळी घुबड बघत होती, हा एकटा फरशीकडे बघत होता.

भित्याला शहाणपण सांगून काही होत नाही. त्याच्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्याच्यापुढे उभं करावं लागतं.

"होसिडियसभाऊ, जाऊ नका," मी मोठ्याने म्हटलं. "आत्ता बाहेर ठेवतोय. उचलेल त्याची."

त्याने अंगावरची शाल काढलीसुद्धा. "घुबड तुमच्या घरात बसलंय. मला कसली भीती?"

"ह्याच्या घरी?" नुमेरियसची मान खाली आली. "माझी पोर ह्याचे बुधले घासणार?"

"तुला काय त्याचं? तुला नकोय ना?"

"अक्का... नाक आपल्या आईचं आहे गं."

"असेना. आता समोरच्या घरात शिंकेल."

होसिडियसने उंबऱ्याच्या आत पाय टाकला. डाव मी मांडला होता खरा, पण तो माणूस खेळत नव्हता. तो वाकायला लागला.

"उचललं का?" तेर्तुल्लाचा आवाज फाटला.

पोर रडली. पण या वेळी रडणं जमिनीवरून आलं नाही, माझ्या भावाच्या खांद्यापासून आलं. पडद्याआड तेर्तुल्लाला तेवढ्यावरूनच कळलं आणि ती सुटकेने रडायला लागली.

घुबड वर होतंच.

होसिडियस शाल धरून तसाच उभा होता. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली.

"द्या ती शाल इकडे," मी म्हटलं. "पोर गारठलीय."

नुमेरियसने तोंड फिरवलं. पण शाल घेतली.