शेजारच्या हातचा घास

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीतला पाव कोणी आपल्या हाताने घेत नाही. ताट बाकावरून पुढे सरकतं. शेजारचा माणूस पाव मोडतो, तुमच्यासमोर धरतो आणि म्हणतो, "हे तुझ्यासाठी." तुम्ही खायचं, ताट आपल्याकडे घ्यायचं आणि पुढच्याला तसंच द्यायचं. जुन्या पाळकांनी ही पद्धत घालून दिली. कृपा ओरबाडून घेता येत नाही, कोणीतरी दिली तरच मिळते, हे लोकांच्या डोक्यात शिरावं म्हणून. ज्याने घेतलं नाही त्याने पुढे द्यायचं नाही, आणि मोडलेला तुकडा ताटात परत टाकायचा नाही, हे नियमही त्यांचेच.

आता या नियमांनी माझे काय हाल केले ते ऐका. बाकाच्या कडेला मी, माझ्या शेजारी आमचे हे, त्यांच्या पलीकडे घड्याळजी. मी पाव मोडायची, यांच्यासमोर धरायची, "हे तुमच्यासाठी" म्हणायची. हे मान हलवायचे. मग तो तुकडा मीच खायचा, दुसरा मोडायचा आणि यांच्या गुडघ्यांवरून आडवी होऊन घड्याळजींना द्यायचा. एकदा घड्याळजी बाहेर मला म्हणाले, "ताई, बाकीच्यांना एक, तुम्हाला दोन घास. मजा आहे बुवा!" माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. दोन घास घेऊन काय करू? मला एकच हवा होता, यांच्या तोंडात गेलेला.

बरं, पाव आवडत नाही म्हणावं तर तसंही नाही. पाव मीच भाजते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणून आदल्या दिवशी शिवणयंत्र झाकून ठेवायचं, टेबलावरच्या चिंध्या आवरायच्या आणि पीठ मळायला घ्यायचं. उरलेल्या पिठाचा एक छोटा पाव होतो. हे रंगारी. शिडी दारामागे टेकवून ठेवतात, हात खसाखसा घासतात, तरी नखांच्या कडेला कुणाच्या तरी भिंतीचा रंग राहतोच. मग तो पाव चहात बुडवून मिटक्या मारत खातात. "झकास झालाय हं!" तेच पीठ, तोच हात, तीच भट्टी. आणि दुसऱ्या दिवशी मान हलते.

असं का, ते सांगते. सासूबाई गेल्या तेव्हा हे लांबच्या एका इमारतीच्या कामावर होते. थोरल्या भावाने यांची वाट न बघता आईला माती दिली. हे धापा टाकत पोहोचले तोवर लोक परतायला लागले होते. हे भावाला चारचौघांत म्हणाले, "आजपासून तू माझा कोणी नाहीस." राग पुढे ओसरला, पण पाय उचलेना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता एक दिवस थोरले भावजीच गेले. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते म्हणे. आम्हाला कोणी कळवलंही नाही. तेव्हापासून यांनी प्रभूच्या मेजावरचा घास तोंडात घेतला नाही.

नव्या पाळकांनी खूप समजावलं. आमच्या घरी येऊन, कापडाचे तागे बाजूला सारून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "काका, मेज प्रभूचं आहे. बोलावणं त्याचं आहे."

"बोलावणं त्याचं, तशी अटही त्याचीच," हे म्हणाले. "आधी जा, भावाशी समेट कर, मग ये, असं त्यानेच सांगितलंय ना? मग सांगा, मी जाऊ कुठे?"

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, प्रभूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्यसुद्धा त्या मेजावर बसला होता! तुम्ही काय त्याच्याहून मोठे पापी लागून गेलात?"

"म्हणूनच भीती वाटते गं," हे हळूच म्हणाले. "तो घास खाऊन त्याचं काय झालं, ठाऊक आहे ना?"

यावर काय बोलणार, कपाळ माझं! एका छपराखाली राहतो, एका सुरात प्रार्थना म्हणतो, दुखलंखुपलं एकमेकांचं बघतो. पण जिथे आम्ही दोघांनी एकत्र असावं असं मला सगळ्यात जास्त वाटतं, तिथे मी एकटीच जेवते. यांच्यासमोर तुकडा धरायची तेव्हा दर वेळी वाटायचं, आज घेतील. आशा मेली लाज सोडते, तशी माझ्या आशेनेही सोडली होती.

आणि मग त्या रविवारी जाऊबाई आल्या.

प्रभुमंदिराच्या अंगणात उभ्या होत्या, थोरल्या भावजींच्या मागे एकट्या राहिलेल्या, वाळून गेलेल्या. मी यांचा दंड धरला. त्या सरळ यांच्यासमोर आल्या. "भावजी, तुमचा एक निरोप माझ्याकडे राहिलाय," त्या म्हणाल्या. "ह्यांनी जाण्याआधी सांगितला होता. धाकट्याला सांग, माझ्या मनात काही नाही. आईच्या वेळी मीच थांबायला हवं होतं."

हे पायरीवर बसले. "असं म्हणाला तो?"

"दोनदा म्हणाले. मीच तुम्हाला कळवलं नाही. तुम्ही चारचौघांत त्यांना बोललात, ते माझ्या डोक्यातून जाईना. म्हटलं, बसू दे जळत." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता आमच्या मंडळीत मलाच घास उतरत नाही. म्हणून आले."

"असं म्हणाला तो," हे पुन्हा म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. वहिनींचे दोन्ही हात धरून रडले.

मला मात्र रडू आलं नाही. माझं डोकं सणकलं. एवढं एक वाक्य, आणि ही बाई ते उराशी दाबून बसली! इकडे माझा माणूस आतून पोखरला गेला, दर महिन्याला मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि हिच्याजवळ किल्ली होती. घंटा झाली म्हणून गप्प बसले, नाहीतर त्या अंगणात मी तिची शोभाच केली असती.

आत आमच्या बाकापाशी सेवक म्हणाला, "ताई, जरा सरका, पाहुण्यांना बसू द्या." सरकले. कडेला जाऊबाई, मग मी, मग हे.

ताट आलं. पद्धत त्यांना कोणीतरी सांगितली असावी. मागच्या बाकावरून त्यांना घास मिळाला, तो त्यांनी खाल्ला, ताट मांडीवर घेतलं, पाव मोडला आणि माझ्यासमोर धरला. "हे तुझ्यासाठी."

माझं तोंड उघडेना. मी पदराचं टोक मुठीत आवळून बसले. माझीच मान हलली, अगदी यांच्यासारखी.

जाऊबाईंनी तो तुकडा स्वतःच खाल्ला. दुसरा मोडला, माझ्या गुडघ्यांवरून आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "भावजी, हे तुमच्यासाठी."

यांनी घेतला. डोळे मिटून, सावकाश चावून खाल्ला. देवा, मी किती वाट बघितली होती त्या क्षणाची! आणि तो माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या मांडीवरून, दुसरीच्या हातून निघून गेला.

आता ताट यांच्याकडे. घड्याळजी घास घ्यायला यांच्याकडे वळले. पण हे तिकडे वळलेच नाहीत. यांनी पाव मोडला आणि उलटे माझ्याकडे वळले. असं कोणी करत नाही. अख्खा बाक बघत होता.

"हे तुझ्यासाठी," हे म्हणाले.

"मला राग आलाय," मी दातांखालून म्हणाले.

"ठाऊक आहे गं."

एवढंच म्हणाले आणि तुकडा धरून बसून राहिले. मला समजवलं नाही, रागावले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि ते बघणं मला चांगलंच ओळखीचं होतं. किती दिवस मी असंच बघत आले होते, आणि समोरच्याला त्याचं काय वाटत असेल ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी तोंड उघडलं. राग गेला नव्हता, आजही पुरता गेलेला नाही. त्या रागासकटच मी यांच्या हातून घास घेतला.