मी जपलेल्या सात हाका

मित्रांनो, मी एक जुना कंडेन्सर माइक आहे आणि स्वभावाने अगदी भित्रा आहे. हसू नका. माझ्या पोटात केसाहूनही पातळ पडदा आहे. कुणी नुसता उसासा टाकला तरी तो हलतो, मग मी शूर कसा असणार? कारखान्यात तो पडदा बसवणारी माणसंसुद्धा नाकातोंडाला फडकं बांधून काम करायची. धूळ, ओल, उंचावरून पडणं, नुसतं नाव काढलं तरी माझी गाळण उडते.

नागपूरच्या एका दुकानात मी कितीतरी वर्षं कपाटात पडून होतो. एके दिवशी बालाघाटहून संघमित्रा नावाची मुलगी आली. दुकानदाराने तिला खरं ते सांगितलं, "घरात रेकॉर्डिंग करायचं असेल तर डायनॅमिक माइक घ्या. तो तोंडासमोरचं तेवढंच ऐकतो. हा शहाणा शेजारच्या कुकरची शिट्टीही ऐकतो."

"आवाज लयच बारीक झाला असन तर?" तिने विचारलं.

"मग हाच न्या."

तो आवाज तिच्या बाबांचा, हिरालालजींचा होता. त्यांनी बालाघाटजवळच्या उकव्याच्या मँगनीज खाणीत नोकरी केली आणि दर पौर्णिमेला वॉर्डातल्या बुद्धविहारात वंदना म्हटली. भोंगा नसता तरी अर्ध्या वॉर्डाला ऐकू गेलं असतं, असं लोक म्हणायचे. आता त्यांच्या गळ्यात गाठ झाली होती. सोमवारी नागपूरच्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. त्याआधी त्यांची वंदना रेकॉर्ड करून ठेवायची, एवढ्यासाठी मला आणलं होतं. हे कळलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं धूळ खात बसलेला मी ऐन वेळी बिघडलो तर?

रविवारी दुपारी संघमित्राने भिंतींवर रजया टांगल्या, पंखा बंद केला आणि शेजारच्या भैयालालला अर्धा तास आटाचक्की थांबवायला सांगितलं. मला स्टँडवर बसवून तार जोडली, मला लागणारी वीज देणारं बटण दाबलं. तेवढ्यात हिरालालजी आले. त्यांनी मला दोन टिचक्या मारल्या आणि सभेतल्या माइकवर मारतात तशी जोरदार फुंकर मारली. माझा जीव गोळा झाला.

"बाबा, फुकू नोका! त्याले सहन होत नाही."

"माइक हाय का नवा जावई?" हिरालालजी म्हणाले.

मग त्यांनी सवयीने वंदनेला मोठा आवाज लावला. आवाज फाटला, खोकला आला, आणि तिच्या हेडफोनमध्ये नुसती खरखर गेली. तीनदा असंच झालं. भैयालालने बाहेरून विचारलं, "हो गया क्या?"

"एवढ्या जोरात काहून, बाबा? वीतभर दूर बसा अन् हळू बोला. याले सगळं आयकू येते."

हिरालालजी जन्मात कधी हळू बोलले नव्हते. खाणीतल्या घरघरीत हळू बोलून भागतच नसे. त्यांनी हळू आवाजात दोन शब्द उच्चारले आणि ते थांबले. इतका वेळ ओरडण्याखाली दडलेली थरथर आता माझ्या पडद्याला लागली.

"मले लय भेव लागून राह्यलं, पोरी," ते पुटपुटले. "ऑपरेशन झाल्यावर तुले हाक कशी मारू?"

आठवडाभर "काही होत नाही बाबा" म्हणणाऱ्या संघमित्राने ते हेडफोनमधून अगदी कानाशी ऐकलं. "मलेबी लागते बाबा," ती म्हणाली आणि रडू लागली. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "वंदना राहू द्या. मले हाकाच मारा."

त्यांनी सात हाका मारल्या. एक जेवायला बोलावणारी, एक दारात चप्पल काढता काढता मारलेली, एक रागावलेली. "संघमित्रा! कुठं गेली वं?" मध्ये बोललं तर तिचा आवाजही माझ्यात उतरला असता, म्हणून ती तोंडावर हात दाबून बसली होती. समोर बसून तिला एकाही हाकेला ओ देता आली नाही. मी तर भीतीने गारठलो होतो, कारण निसटलेली हाक पुन्हा मिळणार नव्हती. सातवी संपली आणि बाहेर चक्की सुरू झाली.

ऑपरेशन झालं. हिरालालजी आता पाटीवर लिहून बोलतात. मी ओल लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात असतो आणि महिनोन्‌महिने कुणी मला काढत नाही. पण संघमित्राने त्या हाका हिरालालजींच्या मोबाइलमध्ये घालून दिल्या आहेत. ते बोट टेकवतात, हाक घरभर जाते, आणि ती असेल तिथून म्हणते, "हौ बाबा, आली!" मोबाइल पडला, फुटला तर काय, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागतो. तिने त्या हाका आणखी दोन ठिकाणी ठेवल्या आहेत, तरीही.

मित्रांनो, माझ्यासारख्या नाजूक वस्तू जपाच. पण तुम्हाला घरातून कुणी हाक मारली, तर दुसऱ्या हाकेची वाट पाहू नका. पहिलीलाच ओ द्या.