कोयता खाली ठेवलेला सिनेमा

उठ रे माझ्या राजसा, दिस कासराभर आला,
तुझ्या बैलांच्या म्होरं चारा न्हाई रं पडला...

मायचा हा आवाज दयानंदच्या कानात शिरला तेव्हा तो पाचवीत होता. थोरला भाऊ श्रीमंत अंगणात घोंगडीवर आडवा होता आणि गुणाबाई त्याच्या उशाशी बसून त्याला उठवत होती. शिरूर अनंतपाळकडच्या बाया मेलेल्याला अशाच ओवीतून हाका मारतात. शेजारणी मागून सूर धरत होत्या. दयानंदला मात्र वाटत होतं, एवढ्या गोड आवाजात बोलावलं तर दादा उठेलच.

दादा उठला नाही. गुणाबाईचा गळाही त्या दिवसापासून मिटला. पुढं कुणाच्या हळदीला नाही, की कुणाच्या पाळण्याला नाही, तिनं ओवी म्हटली नाही.

भांडण बांधावरच्या एका बाभळीचं होतं. शेजारच्या शेतातल्या रेवणसिद्धानं कोयता चालवला आणि तो तुरुंगात गेला. बाप वैजनाथनं देवापुढं उभं राहून सगळ्यांना बजावलं, "त्या घराच्या उंबऱ्याला ज्याचा पाय लागंल, तो माझा न्हाई." रेवणसिद्ध पुढं आजारी होऊन सुटून आला आणि गावातच मेला. त्याची म्हातारी आई शरणम्मा तेवढी त्या घरात उरली. वैजनाथची आण तरीही तशीच राहिली, दारातल्या दगडासारखी.

दयानंद मोठा होऊन नांदेडला गेला. लग्नाच्या शूटिंगा करता करता त्यानं जमवाजमव केली आणि एक सिनेमा काढला, 'उंबऱ्याअलीकडं'. भावाच्या खुन्याला शोधत एक तरुण हातात कोयता घेऊन गावोगाव फिरतो. मोटारसायकलींचे पाठलाग, शिव्या, रक्त, सगळं होतं. धर्माबादच्या मिरचीच्या ढिगांत एक मोठी हाणामारी होती. तीत मिरच्या उधळतात, दोन्ही बाजूंचे गुंड शिंकून शिंकून बेजार होतात आणि डोळे चोळत एकमेकांनाच पाणी मागतात. तिथं लोक हसले. शेवटाला मात्र हसले नाहीत.

शेवटी तो तरुण खुन्याच्या दारात पोचतो, तर खुनी त्याच सकाळी तापानं मेलेला. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत. सोयरे-शेजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात, घरच्यांना बळंच भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. खुन्याच्या घरी कोण येणार? त्याची आंधळी होत चाललेली म्हातारी आई पावलांचा आवाज ऐकून म्हणते, "कोण, कडू घास आणलास का बाबा?" तो कोयता उंबऱ्याबाहेर ठेवतो, शेजारच्या वाड्यातून परात-पीठ मागून आणतो आणि घराबाहेर तीन दगडांची चूल मांडून भाकरी थापायला बसतो. तिथं सिनेमा संपतो.

लातूरच्या थिएटरात पहिल्याच दिवशी मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, हिरो हाय का स्वयंपाकी?" खुर्च्या आपटल्या. चौथ्या दिवशी पोस्टर उतरलं.

त्याचं दयानंदला तेवढं लागलं नाही. लागलं ते वेगळंच. त्या पहिल्या खेळाला आई-बाप शेजारीशेजारी बसले होते. म्हातारीनं कडू घास मागितला आणि गुणाबाई ताडकन उठून अंधारातून बाहेर निघून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतीच बोलत आली. जेव, नीज, गाडी कितीला हाय. दयानंद समजून गेला. आपण दादाचं रक्त विकलं, असं मायला वाटतं.

गेल्या साली वैजनाथ गेला. आणि यंदा, कसा कोण जाणे, तो सिनेमा पोरांच्या मोबाइलवर फिरू लागला. 'हा पिक्चर तुम्ही पाहिलाच नाही' म्हणत कोणी लातुरातून, कोणी थेट हैदराबादेतून त्यावर बोलू लागलं. मग नांदेडच्या शिवप्रसादनं त्याला चहाला बोलावलं. शिवप्रसाद सिनेमे थिएटरांत लावायचा.

"दयानंदराव, पुन्हा लावू. दणक्यात लावू. फक्त शेवट बदला."

"लोकांना तोच शेवट आवडून राहिलाय की, शेठ."

"मोबाइलवर फुकटात बघणाऱ्याला काय, मयतपण आवडतं! थिएटरात माणूस शिट्टी मारायला येतो. भाकरी बघायची तर घरी बायको थापतेच ना?" शिवप्रसाद स्वतःच्या बोलण्यावर खूश होऊन हसला. "खुन्याला जिता ठेवा. पावसात, चिखलात मारा त्याला. हिरो तोच, कोयता तोच. आन ती म्हातारी लई रडवते, तिला काढून टाका."

दयानंदनं चहा संपवला. शिवप्रसादच्या बोलण्यानं तो हलला नव्हता. पण एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. पडद्यावर खुनी मेला, तर माय पुन्हा बोलेल का? दादाचा सूड तेवढा घेऊन दिला, तर? त्याची सगळी कला त्या एका गोष्टीपुढं हलकी झाली.

"करू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अहमदपूरला गाडी बदलून तो गावी आला. गुणाबाई ओसरीवर सुपात हुलगे निवडत होती.

"आलास? हातपाय धू."

तो हातपाय न धुताच खाली टेकला. "माय, त्या सिनेमाचा शेवट बदलून राहिलो. आता तो मारतो त्याला."

"कुणाला?"

"खुन्याला. सोडत न्हाई."

सूप थांबलं. दयानंदला वाटलं, आता तिचा चेहरा उजळेल. तो तिच्या चेहऱ्याकडं लहानपणी बघायचा तसा बघत राहिला.

"आन त्याची माय?" गुणाबाईनं विचारलं.

"ती न्हाईच आता. काढली."

"काढली म्हंजी? कुठं गेली?"

"कुठं न्हाई गेली. गोष्टीतच न्हाई ती."

"लई सोपं हाय तुमचं," गुणाबाई म्हणाली. "माणूस नको झालं की काढलं." तिनं सूप बाजूला सारलं. "त्या म्हातारीला काढू नको, दया."

"पण तूच तर उठून गेलीस! ती दिसली आन तू उठलीस. तवापासून धड बोलली न्हाईस माझ्याशी. मी तुझ्यासाठीच... दादाला मी विसरलो असं वाटलं ना तुला?"

गुणाबाई त्याच्याकडं टक लावून बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि तीही हळूहळू उतरत होती.

"तुला शरणम्मानं सांगितलं न्हवतं?"

"काय सांगितलं न्हवतं?"

"मग कुठून आणलंस ते? तो कडू घास?"

"मनातून. असं कुणी करावं, असं वाटायचं मला."

"मनातून," ती पुटपुटली. तिनं आत बघितलं. भिंतीवर हार घातलेला वैजनाथचा फोटो होता. तिनं पदर डोक्यावर ओढला, जणू अजून त्याच्यासमोरच बसली होती.

"मला वाटलं, तुला कळलं. आन तू चारचौघांत, तुझ्या बापाच्या शेजारी बसवून दावून राहिलास. माझ्या तोंडावर दिसंल म्हणून मी उठले. मग बोलायचं भ्या वाटायचं. बोलले आन सुटलं तोंडातून, तर बाप तुझा मला दारात उभी करत न्हवता."

"काय सुटलं असतं, माय?"

गुणाबाईनं हात लांबवून आतलं दार ओढून घेतलं.

"रेवणसिद्ध मेला तवा तुझा बाप उदगीरच्या बाजारला गेला व्हता. दिस कलला तरी त्या घरात कुणी गेलं न्हाई. शरणम्माचा आवाजबी येईना. रडत असती तर मी गेले नसते, खरं सांगते. आवाज येईना म्हणून गेले. पदराखाली भाकरी-पिठलं घेतलं. तिनं मला वळखलं आन तोंड झाकून घेतलं. मी तिचा हात बाजूला केला. पयला घास तिला भरवला, दया. ह्याच हातानं. मग तिनं मला भरवला. आन मी खाल्ला."