नातीची खोली मी आवरली तेव्हा

तीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घातल्या. शाळा चौथीत सुटली, पण माझ्या घडीला कुणी नाव ठेवलं नाही. तेव्हा दहा वर्षांच्या पोरीची खोली आवरायला मला सुनेची परवानगी लागावी, हे काही मला पटेना.

सुनेचा नियम असा की नातीची खोली नातीनंच आवरायची, सुट्टीच्या दिवशी. मधे कुणी हात लावायचा नाही.

"त्यातनं ती शिकते, आई."

"काय शिकते? पसाऱ्यात झोपायला?"

सून डबे भरायला वळली. तिचं असं पाठ फिरवणं फार टोचतं.

मंगळवारी सगळे बाहेर पडले आणि मी बाह्या सरसावल्या. पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, कपडे काटकोनात. पलंगाखाली बुटांचं एक फाटकं खोकं निघालं, आत नुसते चिठोरे. कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकलं.

संध्याकाळी कळलं, त्या चिठ्ठ्या नातीच्या मैत्रिणीच्या होत्या. मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली, मागे तेवढंच उरलं होतं. नात रडली नाही. "आजी, टाकायच्या आधी वाचल्यास तरी का?" एवढंच विचारलं आणि माझ्याशी बोलणंच टाकलं.

या घरात मुलगा फोनशी बोलतो, सून मुलाशी. माझ्या वाट्याला एकटी नात होती. पुढचे दिवस मी भिंतींना टोमणे मारत काढले. भिंती काही उलट बोलत नाहीत, त्यामुळे मजा येत नाही.

मुलाचंही सगळं मीच आवरत आले. चाळिशी उलटली तरी कपाटासमोर उभा राहून "आई, माझे मोजे?" करतो. इतकी वर्षं मला त्याचं कौतुक होतं. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याची कीव आली.

सुट्टीच्या दिवशी नातीनं दार लावून घेतलं. मी बाहेर खुर्ची टाकली. आत खण उघडत होते, मिटत होते. तासाभरानं ती कपड्यांचा गठ्ठा घेऊन आली. द्यायचे कपडे. सगळ्यात वर मी विणलेला स्वेटर.

माझ्या तोंडाशी बरंच आलं होतं. गिळलं. स्वेटर तिच्या हाताला लावून पाहिला, तर बाही कोपराच्या जरा खालीच संपली.

"तू विणलायस म्हणून ठेवला होता," ती म्हणाली. "पण आता येतच नाही."

"बरोबर केलंस." मग खाली बघूनच बोलले, "खोकं मी न विचारता टाकलं. माझं चुकलं." हे वाक्य मी नवऱ्यालासुद्धा कधी ऐकवलं नव्हतं.

तिनं गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. "हो. चुकलं."

"आत येऊ?"

"आज नको, आजी."

दार तिनं हळू लावलं, आपटलं नाही. गठ्ठा मांडीवर घेऊन मी तिथंच बसून राहिले.