असाहेलची अर्धी

ऑरेगनच्या त्या टेकडीवर वारा असा, की इथे कुणी शिंकलं तर पलीकडच्या गावाने ‘देव भलं करो’ म्हणावं. अशा जागी टॅमझिन प्रुएट कित्येक वर्षं एकटीच पुरलेली होती. तिचा नवरा असाहेल खाली गावच्या दफनभूमीत, हत्तीएवढ्या दगडाखाली. दगडाची एक बाजू बायकोच्या नावासाठी कोरी ठेवलेली.

ते काही मॉरीनला बघवेना. टॅमझिन तिची पणजी. मॉरीनने म्हाताऱ्याकोताऱ्यांची डोकी खाल्ली, चर्चची दप्तरं उपसली, अन् पणजीचा सगळा जन्म मिसूरीपासून जुळवत आणला. रविवारी जुन्या वसाहतवाल्यांच्या वंशजांचा मेळावा. त्याआधी पणजीला उचलून पणजोबांशेजारी निजवायचं, मग सगळ्यांपुढे भाषण ठोकायचं, असा बेत.

शनिवारी सकाळी ती कबर खणणाऱ्या डेलबर्टला घेऊन वर आली, तर ऑर्फा आत्या कबरीवरच खुर्ची टाकून बसलेली. ऐंशीची बाई. दात दोन, जीभ मात्र अख्खी.

“ऊठ गं, आत्या.”

“नाही उठत. आजीला शब्द दिलाय मी. त्याच्या शेजारी घालू देणार नाही म्हणून.”

मॉरीन हसली. “अगं, प्रेमविवाह तिचा. बुटात कोळशाने सोळा लिहिलं, त्यावर उभी राहिली अन् पाद्र्याला म्हणाली, मी सोळाच्या वर आहे. दर मेळाव्यात लोक पोट धरून हसतात. तूच तर सांगायचीस.”

“सांगायचे की. तिने अस्वलिणीचं दूध काढून लोणी केलं, असंही सांगायचे. पण मला सांग, सोळा लिहिलं कुणी?”

“तिनेच.”

“तिला कुठलं लिहायला? म्हातारपणी माझ्या पाटीवर शिकली ती. बापाने लिहिलं. तेही तळपायावर, बूट होते कुठे? बारावं सरलं नव्हतं पोरीचं. एकट्या बाप्याला सरकार जमीन देई, बायको असली की दुप्पट. मुदत संपत आली तसे सगळे पोरी हुडकत सुटले, बाजारात कालवड बघावी तसे.”

“पुढे तरी नवरा म्हणून बरा वागला असेल.”

“फार बरा. ही सारखी आईकडे पळून यायची. शेवटी बापानेच बैलगाडीमागे बांधून नवऱ्याकडे पोचती केली. त्या मेल्याने जन्मात तिला नावाने हाक मारली नाही. ‘ए अर्धी’ म्हणायचा. अर्धी जमीन तिच्यामुळे मिळाली ना.”

“लाडाने म्हणत असेल. आपण नाही का अर्धांगी म्हणत?”

“तुला म्हणतो का गं कुणी लाडाने, ए बिघाभर?”

डेलबर्ट फिसकन हसला.

“मरताना म्हणाली,” आत्या पुढे बोलली, “ऑर्फे, मला उंचावर घाल. त्याची हाक पोचायची नाही तिथे.”

थाप मारताना आत्या समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायची, हे मॉरीनला लहानपणापासून ठाऊक. आता आत्या गवताकडे बघत होती.

मॉरीनला सगळं पटलं. पण दगडाच्या कोऱ्या बाजूवर आधीच टॅमझिनचं नाव कोरून झालं होतं, खाली ‘प्रिय पत्नी’ असंही. भाषण पाठ झालं होतं.

“डेलबर्ट, आत्याला खुर्चीसकट उचल.”

“मॉरीनबाई, म्हातारी एवढं म्हणतेय तर...”

“तिच्या थापांना गावात कुणी विचारतं का? उचल.”

त्याने उचललं, मधमाश्यांचं पोळं उचलावं तसं, जपून. दुपारपर्यंत हाडं वर आली अन् पेटीत भरली गेली. एवढीशी पेटी पुरेशी झाली.

“मग निदान मला घाल इथे,” आत्या म्हणाली. “खड्डा तयारच आहे. मी काय, लवकरच येते.”

“तुझी सोय खाली केलीय, आत्या. पणजोबांच्या पायाशी.”

आणि मॉरीनने डेलबर्टला सांगितलं, “तो खड्डा बुजवून टाक. एखादं जनावर पडेल.”