कणगीतला पोस्टमन

१९७८ साली मी आखातात, मनामा शहरातल्या एका बँकेत टायपिस्ट होतो. तिथले फ्रेंच अधिकारी रेमों साहेब फावल्या वेळात त्यांच्याकडच्या सातशे वर्षांपूर्वीच्या चावट गोष्टी इंग्रजीत आणायचे आणि मी त्या टाइप करायचो. धूर्त बायका, बावळट नवरे, लंपट पाद्री. टाइप करताना मलाच हसू आवरत नसे.

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, जवळच्या मुहर्रक गावातल्या आमच्या खोलीत जेवणं झाली की मी त्यातली एखादी सांगायचो. खोलीतले सगळे रत्नागिरीकडचे, पाद्र्याची गंमत कुणाला कळणार? म्हणून एकदा मी पाद्र्याचा पोस्टमन केला. नवरा परदेशी. पोस्टमन पत्र वाचून दाखवायला येतो आणि पत्र संपलं तरी उठत नाही. अचानक नवरा दारात! बायको पोस्टमनला भाताच्या कणगीत कोंबते आणि म्हणते, "कणगीत उंदीर झालेत हो!" नवरा बिचारा मांजर आणायला धावतो.

खोली हसून लोळली. फक्त गणपत सुतार हसला नाही. त्याची पत्रं मीच लिहायचो. त्याच्या बायकोला, लक्ष्मीला, वाचता येत नव्हतं, गावचा पोस्टमन वाचून दाखवायचा, हे मला ठाऊक होतं. तरी हशा जास्त येईल म्हणून मी पोस्टमनच घातला.

"ताहिरभाय, ही गोष्ट खयची?" त्यानं विचारलं.

"फ्रान्सची. सातशे वर्षं जुनी."

"फ्रान्समधी कणगी असते?"

मी हसण्यावारी नेलं.

आठवड्याभरात आईच्या आजाराचं निमित्त करून त्यानं लीव्ह काढली. परतला तेव्हा गालफडं बसली होती. गावी न कळवता घरात शिरून, शेजाऱ्यांदेखत त्यानं कणगी उपडी केली होती. नुसता भात निघाला. लक्ष्मीनं तो सुपानं भरून ठेवला, सासूच्या हातात किल्ल्या दिल्या आणि खालच्या वाडीत माहेरी गेली. हा आणायला गेला, तर बाहेरच आली नाही.

"मी पत्र लिहितो," मी म्हणालो. "चूक माझी होती, असं लिहितो."

"वाचणार कोण? पोस्टमन आता लांबनंच पत्र टाकून जातो."

तरी लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढे गणपत लांब झल्लाकला एका हॉटेलाच्या बांधकामावर गेला, तिकडच्याच कामगारांच्या कॅम्पात राहिला.

खोलीत पुढेही सगळे ती गोष्ट मागायचे. मी सांगत नसे. मग दुसरं कुणीतरी सांगायचं, आणि नवऱ्याचं नाव गणपत ठेवायचं.