सून आणायला गेलेली होडी

"गाडीतून सून आणायला मी काय टेम्पोवाला आहे का?" असं मी विचारलं तेव्हा घरात सगळे गप्प बसले. बायको सोडून. सुनंदा कधी गप्प बसली आहे?

"टेम्पोवाले निदान दारात सोडतात," ती म्हणाली.

मी धर्मराज, पनवेल कोळीवाड्यातला तांडेल, होडीचा कप्तान. माझी आय जनी, मोरा बंदराची पोर. ती याच खाडीने नवरी होऊन आली. माझी होडीही तिच्याच नावाची, 'जनीमाय'. आणि आता माझ्या प्रितमचं लग्न ठरलं तेही मोऱ्याच्याच प्रांजलशी. मग? तिला रस्त्याने आणू? पळस्प्याला ट्रकांच्या मागे हॉर्न ऐकत बसवू नव्या नवरीला? साखरपुड्यातच मी चारचौघांत बोलून बसलो, "माझी सून पनवेल बंदरात होडीतूनच उतरणार. नायतर मला तांडेल म्हणू नका!"

त्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाने घरी येऊन माझी हवा काढली.

"उतरंल कुठं ती? बंदरात धड पायरी हाय का? पाय धुवायला नळ नाय, बाईमाणसाला आडोसा नाय. तुमा बाप्यांचं काय, कुठंबी उभं राहता."

"आमची आय नाय उतरली?"

"तवा बंदरात पाणी व्हतं. आता गाळ हाय, आणि तुमची बढाई हाय."

मला असा राग आला की त्या रात्री मी जेवलोच नाही. तिनेही आग्रह केला नाही. त्याचा राग वेगळा.

लग्न मोऱ्याला झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड होडीत चढलं. होडीला झेंडूच्या माळा, काठीला नवा बावटा, पुढे बेंजोवाले, मधे खुर्चीत प्रांजल, हिरवी साडी, कपाळाला मुंडावळ्या. सुनंदा आमच्या रीतीप्रमाणे घरीच थांबली होती, सुनेला ओवाळायला. मी सुकाणूवर, डोक्याला नवी टोपी. पुनवेचं पाणी होतं, भरती मोठी. आमच्या खाडीचं गणित सरळ आहे. भरतीबरोबर आत शिरायचं आणि पाणी पुरतं चढलेलं असताना बंदर गाठायचं. उशीर झाला तर खाडी तुमच्यासाठी थांबत नाही.

काय सांगू त्या सकाळचं! मोठाल्या जहाजांच्या बाजूने आमची एवढीशी होडी बेंजो वाजवत निघाली. जहाजावरच्या खलाशांनी हात केले. पुलाखालून गेलो तेव्हा वर लोक गाड्या थांबवून व्हिडिओ काढत होते. डोक्यावरून विमान गेलं, बेंजो ऐकू येईना, तर बेंजोवाल्याने आणखी जोर लावला. मला वाटलं, आय बघत असेल तर आज तिचं ऊर भरून येईल. माझं तर आलंच होतं.

तेवढ्यात माझी बहीण मंगळी मागे येऊन कानाशी लागली. "दादा, नवरीला जायचंय."

"कुठं?"

"कुठं काय इचारतोस! सकालपासून बसलीय ती."

झालं. सुनंदाचा आवाज कानात वाजला. वाटेत एका कोळीवाड्याची नवी जेट्टी लागते. तिथे सगळं आहे, पायऱ्या, पत्र्याची शेड, पाण्याचा नळ, बायकांसाठी संडाससुद्धा. होडी लावली. संडासाला कुलूप! किल्ली कोणाकडे, तर मासळी विकणाऱ्या एका म्हातारीकडे. म्हातारी किल्ली घेऊन आली आणि बरोबर अर्धा कोळीवाडा घेऊन आली.

नवरी आपल्या जेट्टीला लागली आणि रिकाम्या ओटीने गेली, असं आमच्यात चालत नाही. घराघरातून नारळ आले, तांदूळ आले, खण आले. त्यात ती म्हातारी निघाली माझ्या आयच्या चुलत बहिणीची मुलगी. मग चहा, मग होडी बघणं, मग मला विचारणं, "तांडेल, अजून पनवेलपर्यंत होडी जाते?" मला तेच हवं होतं. मी छाती काढून सांगत सुटलो. प्रितम दोनदा म्हणाला, "बाबा, पाणी..." मी म्हटलं, "पाणी मला शिकवतोस काय?"

निघालो तेव्हा काठाच्या तिवरांची ओली मुळं उघडी पडायला लागली होती. पाणी फिरलं होतं, ओहोटी लागली होती. मी ते बघितलं. इंजिन जोरात सोडलं.

बंदर दिसायला लागलं. माणसं दिसली, बायकांच्या साड्यांचे रंग दिसले. बेंजोवाल्यांनी नवीन गाणं धरलं. आणि होडी खालून घासली, पुढे ढकलली गेली आणि थांबली. खुर्ची हलली. बेंजो बंद पडला.

मी शिव्या घातल्या. इंजिनला, गाळाला आणि मनातल्या मनात स्वतःला. पाणी उतरत होतं. पुढे दोन होड्यांच्या लांबीवर खोल पाणी होतं, बंदरापर्यंत जाणारं. होडी हलकी केली असती तर तिथवर ढकलता आली असती. पण लगेच, आत्ताच. नाहीतर काळोख पडेपर्यंत तिथेच बसायचं, सगळ्या कोळीवाड्यासमोर.

बाप्ये पाण्यात उतरले. कंबरेइतकं पाणी, खाली गाळ. ढकललं. होडी हलेना. राहिल्या होत्या बायका, पैठण्या नेसलेल्या, गजरे माळलेल्या. त्यांना उतरा म्हणायला माझी जीभ उचलेना. आणि नव्या नवरीला पहिल्याच दिवशी गाळात उतर म्हणू? मी कोणत्या तोंडाने म्हणू?

प्रितमने खिशातून फोन काढला. "बाबा, त्या बांधाकडे गाडी बोलावतो. प्रांजलला उचलून तिथवर नेतो."

"बोलाव," मी म्हटलं. टोपी काढून हातात घेतली.

"कोणाला उचलून नेताय?" प्रांजल म्हणाली. सकाळपासून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. ती उठली. मुंडावळ्या सोडून मंगळीच्या हातात दिल्या, पदर कंबरेला खोचला, साडी गुडघ्यावर घेतली आणि धपकन पाण्यात उडी मारली.

"अगो पोरी!" मंगळी ओरडली.

"आत्या, तुमीबी या. माझ्या बाबांची होडी अशी किती वेला काढलीय आमी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, इंजिन बंद ठेवा. मी सांगीन तवा मागचं वल्हं रेटा."

माझ्या होडीवर मला कोणी हुकूम सोडत नाही. मी "व्हय" म्हणालो आणि वल्हं हातात घेतलं.

मग काय विचारता! मंगळी उतरली, तिच्या मागे सगळ्या बायका. पैठण्या गेल्या गाळात, गजरे गेले वाहून. एक बेंजोवालाही बेंजो खुर्चीवर ठेवून उतरला. प्रांजल पुढच्या टोकाला खांदा लावून ओरडली, "हैशा!" सगळे ओरडले, "हैशा!" जनीमाय हलली. पुन्हा हैशा. हलली आणि सुटली. एवढा आरडाओरडा झाला की बंदरावरची माणसं धावत काठाला आली.

बंदराला लागलो तर मी बघतच राहिलो. गाळावर फळ्या टाकून पायवाट केली होती. शेजारच्या काशिरामचा पाण्याचा ड्रम उभा होता, त्याला नळ लावलेला. कडेला चार बांबूंना साड्या बांधून आडोसा केला होता. आणि फळ्यांच्या टोकाला आरतीचं ताट घेऊन सुनंदा उभी होती. मी न जेवता झोपलो त्या दिवसापासून ही बाई गुपचूप कामाला लागली होती तर! माझ्या शब्दासाठी. मला एका शब्दाने बोलली नव्हती.

तिने सुनेला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. कंबरेपर्यंत गाळ, गालावर गाळ.

"कोणी घातली हिला चिखलात?" सुनंदाने माझ्यावर डोळे वटारले.

"कोणी नाय, आय," प्रांजल म्हणाली. "आपली होडी अडकली व्हती."

सुनंदाने ताट मंगळीकडे दिलं, ड्रमखाली तांब्या धरला आणि सगळ्यांसमोर खाली बसून सुनेचे पाय स्वतःच्या हाताने धुतले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आलं तर आलं.

काशिरामला मात्र राहवेना. "काय तांडेल, आणलीस ना शेवटी सून होडीने?"

मी टोपी झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

"नाय रे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "होडी आणली माझ्या सुनेने."